स्ट्रंक-व्हाइटचं पुस्तक आपल्यासाठी नाही

इंग्लंड-अमेरिकेत पीएच.डी.ला आलात की पहिल्या वर्षभरात कोणी ना कोणी एक पातळ पुस्तक तुमच्या हातात ठेवतंच. कधी गाइड, कधी लॅबमधला सीनियर, कधी विद्यापीठाचं लेखन-केंद्र. पुस्तक म्हणजे 'द एलेमेंट्स ऑफ स्टाइल'. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली ते आपल्या वर्गासाठी खासगीरीत्या छापलं. पुढे त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली आणि तेव्हापासून ते अमेरिकेत लेखनाचा वेदच झालं. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तुमचं इंग्रजी 'थोडं सुधारायला हवं' असं त्याला वाटत असतं आणि त्याने स्वतः कॉलेजात हेच पुस्तक वाचलेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की तुमच्या-माझ्यासारख्यांना या पुस्तकाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, आणि एका बाबतीत तर ते अपाय करतं. मात्र नेहमीची टीका माझ्या मनात नाही. ती भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये, व्हाइटच्या आवृत्तीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, कडक शब्दांत करून ठेवली आहे. कर्मणी प्रयोग टाळा असं सांगताना पुस्तकात जी चार उदाहरणं दिली आहेत, त्यांतली तीन मुळात कर्मणी नाहीतच, हे त्यांनी दाखवून दिलं. व्याकरण शिकवणाऱ्यालाच प्रयोग ओळखता येत नसेल तर काय बोलायचं! पण ते एक असो. पुलम यांचा एकही आक्षेप नसता तरी पुस्तक आपल्या कामाचं ठरलं नसतं. ते ज्याच्यासाठी लिहिलंय तो विद्यार्थी वेगळा आहे.

तो विद्यार्थी १९१० च्या दशकातला, न्यूयॉर्क राज्यातला, घरी इंग्रजी बोलणारा तरुण आहे. 'द' कुठे लावायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, आणि तरी तो तिथे चुकत नाही. त्याचा रोग शब्दबंबाळपणाचा आहे. म्हणून स्ट्रंक त्याच्या हातात कात्री देतात: नको ते शब्द कापा, विशेषणं कमी करा, गुळमुळीत बोलू नका. आता हीच कात्री तुमच्या हातात दिली की काय होतं? तुमच्या वाक्यात आधीच दोन ठिकाणी 'द' नाही, एका ठिकाणी 'अ' नाही. तुम्ही अजून कापता. जे छोटे, बिनमहत्त्वाचे वाटणारे शब्द इंग्रजी वाक्याचे सांधे धरून ठेवतात, तेच आधी उडतात. अपाय म्हणालो तो हा.

ज्यांना हे फार बारीकसारीक वाटत असेल त्यांना विचारतो: आयईएल्ट्समध्ये साडेसात-आठ बँड मिळवून तुम्ही इथे आलात. त्यानंतर किती वर्षं झाली? आणि त्या वर्षांत तुमचं इंग्रजी नेमकं कशात सुधारलं? बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर असतं, 'वेग वाढला.' आता फोनवर बोलायची भीती वाटत नाही, विनोद कळतात, पबमध्ये चार जणांच्या गोंगाटात बोलता येतं. पण चुका? त्या तिथेच आहेत. त्याच आहेत. आणि पेपर परत येतो तेव्हा परीक्षकाने शेवटी एक ओळ टाकलेली असते की एखाद्या इंग्रजी मातृभाषकाकडून तपासून घ्यावं. ती ओळ वाचून जे वाटतं ते मला इथे लिहायची गरज नाही.

वेग आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रिचर्ड श्मिट या संशोधकाने १९८३ च्या एका लेखात फार छान मांडलंय. त्यांनी एका जपानी चित्रकाराचा सुमारे तीन वर्षं मागोवा घेतला. लेखात त्याचं नाव वेस असं ठेवलं आहे. वेस हवाईत स्थायिक झालेला, मोकळा, माणसांत रमणारा. इंग्रजीतून गप्पा मारणं, कामं करून घेणं, लोकांना आपलंसं करणं, सगळं त्याला उत्तम जमू लागलं. व्याकरण मात्र जवळजवळ जागचं हललं नाही. रोज इंग्रजी कानावर पडत होतं, इंग्रजी मित्र होते, भिडस्तपणा नव्हता. तरीही. 'लोकांत मिसळा, आपोआप सुधारेल' हा सल्ला आपल्याला सगळेच देतात. वेस हे त्या सल्ल्याला चोख उत्तर आहे. मिसळल्याने वेग येतो. बाकीचं आपोआप येत नाही. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये याला 'फॉसिलायझेशन' म्हटलं: चूक दगड होऊन बसते.

का बसते? कारण तिची काही किंमत मोजावी लागत नाही. समोरच्याला तुमचं म्हणणं कळतं. तो सभ्य आहे, तो दुरुस्त करणार नाही. ज्या चुकीने बोलणं अडतं ती चूक तुम्ही पहिल्या वर्षीच टाकून दिलेली असते. उरतात त्या न अडवणाऱ्या. पण नोकरीच्या मुलाखतीत, व्हायवात, अनुदानाच्या अर्जात त्या एकत्र ऐकू येतात. ऐकणारा मनाशी 'आर्टिकल चुकलं' असं म्हणत नाही. त्याला वाटतं, याचं विचार करणंच जरा सैल आहे.

आता या उरलेल्या चुका कोणत्या, ते मराठीतून पाहूया. त्या इंग्रजीच्या अज्ञानातून आलेल्या नाहीत, मराठीच्या उत्तम ज्ञानातून आलेल्या आहेत.

सगळ्यांत हट्टी 'द'. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते येत नाही, असं सरसकट म्हणतात. अर्धंच खरं आहे. ही दोन वाक्यं बघा: 'काकू मुलगी शोधतायत' आणि 'काकू मुलीला शोधतायत'. पहिल्यात घरात लग्नाचा विषय निघालाय. दुसऱ्यात पोर जत्रेत हरवलीय. फरक फक्त 'ला'चा. पहिली कोणतीतरी मुलगी, अजून ठरायचीय. दुसरी एकच, आपल्या सगळ्यांना माहीत असलेली. म्हणजे 'अ' आणि 'द' यांच्यातला भेद तुम्ही तीन वर्षांचे असल्यापासून बिनचूक करताय! फक्त मराठी तो सगळीकडे उच्चारून दाखवत नाही. माणसांच्या बाबतीत 'ला' लावते, वस्तूंच्या बाबतीत कधी 'ते' लावते, कधी काहीच लावत नाही आणि संदर्भावर सोडते. इंग्रजी सोडत नाही. प्रत्येक नामापाशी हिशेब मागते.

त्यामुळे माझी शिफारस अशी की नियमांच्या याद्या पाठ करण्याऐवजी आपलं इंग्रजी वाक्य मनात मराठीत आणा आणि नामाआधी 'तो-ती-ते' लावून बघा. अर्थ न बिघडता बसलं तर बहुधा 'द'. 'एक' किंवा 'कोणतातरी' बसलं तर 'अ'. दोन्ही बसत नसेल, 'वाघ मांस खातो' यासारखं जातीबद्दलचं विधान असेल, तर इंग्रजीत बहुतेक वेळा नुसतं अनेकवचन. ही युक्ती सूर्यापाशी फसते, नद्यांच्या नावांपाशी फसते, विद्यापीठांच्या नावांपाशी तर पार फसते. तिथे पाठांतरच. पण पेपरमधल्या 'मॉडेल', 'सॅम्पल', 'रिझल्ट' या शब्दांपाशी ती चांगली चालते, आणि खरी गरज तिथेच असते. 'अ मॉडेल' म्हटलं की वाचक नवीन ओळख करून घ्यायला तयार होतो. 'द मॉडेल' म्हटलं की मागच्या पानावरचं आठवतो. तुम्ही काहीच म्हटलं नाहीत तर तो थांबतो आणि विचारतो: कोणतं?

काळांचं लवकर आटपतो, कारण तिथे दोनच खड्डे आहेत. 'मी तो सिनेमा गेल्या वर्षीच पाहिलाय' हे निर्दोष मराठी आहे. पण 'आय हॅव सीन इट लास्ट इयर' इंग्रजीला चालत नाही. नक्की वेळ सांगितली की 'हॅव' गेलं पाहिजे. 'मार्चमध्ये नमुने गोळा केले आहेत' या पद्धतीची वाक्यं आपल्या पेपरांत किती असतात ते शोधा. दुसरा खड्डा 'पासून'. 'तीन वर्षांपासून इथे राहतोय' याचं थेट 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' होतं आणि एका वाक्यात दोन चुका होतात. इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. शिवाय आपला 'पासून' दोन कामं करतो. इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स'.

बोलण्याकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. इथे गुन्हेगार आहे आपला लाडका 'च'.

'मीच तो प्रयोग परत केला', 'मी तोच प्रयोग परत केला', 'मी तो प्रयोग परतच केला नाही'. मराठीत कशावर भर आहे ते एक अक्षर सांगतं. 'च', 'तर', 'पण', 'सुद्धा' हे सगळे शब्दांना चिकटून बसतात आणि आवाजाचं बरंचसं काम परस्पर करून टाकतात. इंग्रजीत शब्द तेच राहतात, वजन हलतं. 'आय रिपीटेड द सेकंड एक्सपेरिमेंट' यात जोर 'आय'वर दिला तर मी केला, दुसऱ्या कोणी नाही. 'सेकंड'वर दिला तर दुसरा, पहिला नव्हे. हा हलता जोर आपल्या इंग्रजीत फारसा नसतो. मग एक तर आपण 'च'ला 'ओन्ली' म्हणून पाठवतो, 'आय ॲम इन द लॅब ओन्ली', आणि समोरचा 'फक्त लॅबमध्ये? म्हणजे काय?' अशा नजरेने बघतो. नाहीतर सगळ्या शब्दांना सारखं वजन देत वीस मिनिटांचं सादरीकरण आटोपतो. स्लाइड उत्तम, काम उत्तम, आणि श्रोत्याला यात नवीन काय होतं ते शेवटपर्यंत सापडत नाही.

आवाजाच्या चढउताराने काय होऊ शकतं याची सगळ्यांत बोलकी गोष्ट जॉन गम्पर्झ यांनी सांगितली आहे. १९८२ च्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या पुस्तकात ती आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उद्धट आहेत, अशी सगळीकडे तक्रार. त्यांनाही वाटायचं की आपल्याशी भेदभाव होतोय. ध्वनिमुद्रण करून ऐकल्यावर कळलं की भांडण एका शब्दाचं होतं: 'ग्रेव्ही'. इंग्रज बाई ताटात मांस वाढल्यावर आवाज वर नेत विचारायची, 'ग्रेव्ही?' या बायका तोच शब्द आवाज खाली आणत म्हणायच्या. त्यांच्या मनात तो विचारण्याचाच सूर होता. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.' ध्वनिफीत ऐकवली तेव्हा सुरुवातीला त्या बायकांना दोन्हींत काही फरकच वाटेना. शब्द तर तोच होता.

गम्पर्झ या गोष्टीत कुणालाच दोषी ठरवत नाहीत, ते मला आवडतं. पण एक गोष्ट आपण लक्षात ठेवू: वाढणाऱ्या बाईची नोकरी पणाला लागली होती, जेवणाऱ्याची नव्हती. सूर शिकायचा भार कोणावर पडतो हे न्यायाने ठरत नाही.

याचंच एक लेखी भावंड म्हणजे 'प्लीज'. मराठीत रोजच्या बोलण्यात या शब्दाला जोडच नाही. नम्रता आपण क्रियापदात घालतो: 'देता का', 'द्याल का', 'द्या ना'. 'कृपया' म्हणतो ती पाटी. 'कृपया रांगेत उभे राहा', 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'. आता तुम्ही गाइडला 'प्लीज सेंड मी द कॉमेंट्स बाय फ्रायडे' असं लिहिता. तुमच्या मनात 'द्याल का' असतं, आणि त्याला पाटी दिसते. आज्ञार्थाला 'प्लीज' जोडून तो पूर्ण नम्र होत नाही. तिथे 'कुड यू', 'वुड इट बी पॉसिबल' असं घुमवून लिहावं लागतं. गंमत म्हणजे हे घुमवणं स्ट्रंक-व्हाइटच्या कात्रीत पहिल्यांदा सापडेल!

उच्चारांबद्दल बोलायचं तर मी एका पुस्तकाची मनापासून शिफारस करेन, जेनिफर जेन्किन्स यांचं २००० सालचं 'द फोनॉलॉजी ऑफ इंग्लिश ॲज ॲन इंटरनॅशनल लँग्वेज'. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे: वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं काय चुकलं की समजायचं थांबतं? उत्तरं अनेकांना धक्का देणारी होती. ज्या 'थ'साठी शिकवणीवाले जीभ दातांत धरायला लावतात, त्याने फारसं काही बिघडत नाही. आपला 'थ' आणि 'द' खुशाल वापरा. 'र' उच्चारतो तेही चांगलंच. बिघडतं ते तीन-चार ठिकाणी: वाक्यातला मुख्य जोर (पुन्हा तोच 'च'!), शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरं, स्वरांची लांबी, आणि शब्दारंभीच्या 'प', 'ट', 'क' मधला श्वास.

शेवटच्या दोन गोष्टी मराठी माणसासाठी खास आहेत. ऱ्हस्व-दीर्घाने शाळेत आपल्याला जो छळ सोसावा लागला त्याचं कारण हेच की मराठी बोलण्यात इ-उ यांची लांबी अर्थ ठरवत नाही, जागा ठरवते. 'गरीब' पण 'गरिबाला', 'फूल' पण 'फुलाला'. शब्द तोच, लांबी जागेप्रमाणे बदलली. 'शिर' आणि 'शीर' लिहिताना वेगळे, बोलताना बहुतेकांच्या तोंडी एकच. मग 'शिप' आणि 'शीप', 'फुल' आणि 'फूल' हे इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत, हे आपल्या कानाला मनापासून पटत नाही. आणि श्वास? तो तर आपल्याकडे भरपूर आहे. 'ख', 'ठ' आपण जन्मापासून म्हणतो. पण 'टाइम' आपण 'ट'ने लिहितो, म्हणून 'ट'च म्हणतो. इंग्रज तिथे बराच श्वास सोडतो, जवळजवळ 'ठ'कडे जातो. श्वासाशिवाय म्हटलेला 'पॅन' त्याला 'बॅन' ऐकू येऊ शकतो. देवनागरीत लिहून इंग्रजी शब्द पाठ केल्याची ही किंमत.

जेन्किन्स यांच्या मांडणीला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. त्यांची सामग्री परभाषकांच्या आपसातल्या बोलण्याची आहे. तुमच्या लॅबमध्ये चिनी, ग्रीक, ब्राझिलियन सहकारी असतील तर ती तंतोतंत लागू पडेल. पण मुलाखत घेणाऱ्या समितीत तिघे इंग्रज बसले असतील तर 'समजलं' एवढ्यावर भागेल याची खात्री त्या देऊ शकत नाहीत.

इथे कोणीतरी म्हणेलच, आणि योग्यच म्हणेल, की भारतीय इंग्रजी हीसुद्धा इंग्रजीच आहे, लाज कसली? ब्रज कचरू यांनी हे आयुष्यभर मांडलं. 'प्रीपोन' आता इंग्रजी शब्दकोशांत आहे, आणि मला तो शब्द फार उपयोगी वाटतो. इंग्रजांना तो सुचला नाही हे त्यांचं दुर्दैव. पुण्याच्या मीटिंगमध्ये 'डिस्कस अबाउट' म्हणणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण बोली निवडणं आणि बोलीत अडकणं यांत फरक आहे. दोन्ही येत असताना एक वापरणं ही निवड. दुसरं येतच नसेल तर निवड कसली?

मग करायचं काय? श्मिट यांनीच त्याचंही उत्तर शोधलं. ते स्वतः ब्राझीलमध्ये पाच महिने राहून पोर्तुगीज शिकले, रोजनिशी ठेवली, बोलणं मुद्रित केलं. सिल्व्हिया फ्रोटा यांच्याबरोबरच्या १९८६ च्या लेखात निष्कर्ष आहे: जे रूप दुसऱ्यांच्या बोलण्यात त्यांच्या लक्षात आलं, तेच त्यांच्या तोंडी बसलं. नुसतं कानावर पडलेलं किंवा कोणी दुरुस्त करून दिलेलं, पण स्वतःला जाणवलं नाही असं, टिकलं नाही.

आताची दुरुस्ती करणारी सॉफ्टवेअर आणि चॅटबॉट यांच्याबद्दलची माझी तक्रार इथेच आहे. ते तुमचा परिच्छेद तीन सेकंदांत धुऊन देतात, सगळे 'द' जागेवर बसवतात, आणि तुम्हाला काहीही जाणवू देत नाहीत. पेपर सुधारतो, तुम्ही नाही. व्हायवाच्या खोलीत ते बरोबर येणार नाहीत. वापरायचंच असेल तर दुरुस्त मजकूर मागूच नका. 'आर्टिकलच्या चुका किती आहेत तेवढं सांग, कुठे ते सांगू नकोस' असं विचारा आणि स्वतः शोधा. बोलण्यासाठी आपलंच पाच मिनिटांचं सादरीकरण मुद्रित करा आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवा. कंटाळवाणं आहे. स्वतःचा आवाज ऐकवत नाही. पण त्या कागदावर तुमचा 'ओन्ली' कितीदा आला ते तुम्हाला दिसेल, आणि एकदा दिसलेला तो पुढच्या वेळी तोंडातून निघताना ऐकू येतो. एका महिन्यात एकच चूक धरा. सगळ्या एकदम धरल्या तर बोलताच येणार नाही.

स्ट्रंकच्या जागी टेबलावर काय ठेवायचं? मायकल स्वान यांचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज', पहिली आवृत्ती १९८०. जाडजूड आहे, शैलीबिली काही नाही, शब्दकोशासारखं चाळायचं. 'सिन्स' अडलं की 'सिन्स' काढा. शिकणारा कुठे चुकतो हे माहीत असलेल्या शिक्षकाने ते लिहिलंय, आणि पानोपानी ते कळतं. स्वान यांनीच बर्नार्ड स्मिथ यांच्याबरोबर संपादित केलेलं 'लर्नर इंग्लिश' नावाचं आणखी एक पुस्तक आहे. त्यात मातृभाषेनुसार प्रकरणं आहेत: स्पॅनिश बोलणारे कुठे अडखळतात, जपानी कुठे, अरबी कुठे. मराठीला त्यात स्वतंत्र प्रकरण नाही, दक्षिण आशियाच्या एका गाठोड्यात आपण सगळे बांधलेले आहोत. 'काकू मुलगी शोधतायत' कोणीतरी लिहायला हवं. लंडनमध्ये, डब्लिनमध्ये, टोरांटोत भाषाशास्त्र शिकणारे तुमच्यापैकी काही जण हे वाचत असाल, तर विषय मोकळा आहे.